शुल्क माफ, शिक्षण मात्र महाग

सतरा हजार पाचशे रुपये! एखाद्या सुखवस्तू कुटुंबाची दिवाळीची खरेदीही आज एवढ्या रकमेत भागत नाही. पण २०२४च्या जून महिन्यात उत्तर प्रदेशातील एका रोजंदारी मजुराच्या मुलाचे भवितव्य याच रकमेपाशी अडले. देशातील लाखो मुले ज्या परीक्षेसाठी रात्रीचा दिवस करतात, ती परीक्षा तो उत्तीर्ण झाला होता. धनबादच्या आय.आय.टी.मध्ये त्याला विद्युत अभियांत्रिकीची जागाही मिळाली होती. ती निश्चित करण्यासाठी ठरलेल्या मुदतीत १७,५०० रुपये भरायचे होते आणि घरात ते नव्हते. गावकऱ्यांच्या मदतीने रक्कम उभी राहीपर्यंत शेवटची घटका आली, संगणकावरील मुदत संपली आणि हाती आलेली जागा गेली. त्यानंतर तीन महिने हे कुटुंब एका दारातून दुसऱ्या दारात फिरत राहिले. अखेर ३० सप्टेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने घटनेच्या १४२व्या कलमाखालील आपले विशेष अधिकार वापरून त्याला प्रवेश देण्याचा आदेश दिला.

न्याय झाला. वृत्तपत्रांनी न्यायालयाचे कौतुक केले आणि ते यथोचितही होते. परंतु राज्यघटनेतील सर्वांत असाधारण अधिकाराचा वापर एका मजुराच्या मुलाचे साडेसतरा हजार रुपये भरून घेण्यासाठी करावा लागावा, यात व्यवस्थेचा गौरव आहे की नामुष्की? आणि जी मुले सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचत नाहीत, ज्यांची जागा आय.आय.टी.ची नसून तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या महाविद्यालयातील असते, ज्यांचे नाव कोणत्याही वृत्तपत्रात येत नाही, त्यांचे काय? ती मुले निमूटपणे गावी परततात. जनगणनेत त्यांची नोंद 'बारावी उत्तीर्ण' अशी होते आणि विषय संपतो.

धनबाद दूर आहे, म्हणून महाराष्ट्राने समाधान मानण्याचे कारण नाही. शाहू महाराजांचे आणि कर्मवीरांचे नाव उठता-बसता घेणाऱ्या या राज्यातही घरातील पहिलाच पदवीधर होऊ पाहणाऱ्या मुलामुलींची कथा याहून फार वेगळी नाही.

प्रवेश म्हणजे शिक्षण नव्हे

महाराष्ट्र शासनाने या मुलांसाठी काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. यशवंतराव चव्हाणांच्या कारकिर्दीत आर्थिकदृष्ट्या मागास कुटुंबांतील मुलांना फी-सवलत सुरू झाली. 'ई.बी.सी.' ही तीन अक्षरे त्या काळी खेड्यापाड्यांतील घरांत आदराने उच्चारली जात. पुढे राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आली. आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क संपूर्ण माफ करण्याचा निर्णय जुलै २०२४मध्ये झाला. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती तर १९४४पासून चालत आलेली आहे. केंद्र आणि राज्ये यांनी ६०:४० या प्रमाणात भार उचलावा, अशी तिची नवी रचना डिसेंबर २०२०मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केली आणि पाच वर्षांसाठी ५९ हजार कोटी रुपयांची तरतूद केली. कागदावर पाहिले तर गरिबाच्या मुलाला अडवणारे आता काही उरलेच नाही, असे वाटावे.

वस्तुस्थिती निराळी आहे. महाविद्यालयाचे शुल्क हा शिक्षणाच्या खर्चाचा केवळ एक भाग असतो. धडगाव, किनवट किंवा जिवतीच्या मुलीला नाशिक, नांदेड वा नागपूरला शिकायचे, तर तिला राहायला खोली हवी, दोन वेळचे जेवण हवे, एस.टी.चे भाडे हवे, पुस्तके हवीत. आता तर भ्रमणध्वनी आणि संगणकही हवा. माफ झालेल्या शुल्कातून यांतील एकही गोष्ट मिळत नाही. याखेरीज आणखी एक खर्च असतो, जो कोणत्याही शासन निर्णयात लिहिलेला नसतो. तो म्हणजे घरातले कमावते दोन हात कमी होण्याचा.

बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांच्या घरात नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. मुकादमाकडून मिळणारी उचल या कोयत्याच्या हिशेबाने ठरते. अशा घरातला अठरा वर्षांचा मुलगा महाविद्यालयात गेला, म्हणजे उद्याचा एक कोयता कमी झाला; त्याच्या नावावर मिळू शकली असती ती उचल बुडाली. दिवाळीच्या सुमारास आईबाप कारखान्याच्या तळावर जातात. त्याच सुमारास पहिल्या सत्राची परीक्षा असते आणि घरी धाकट्या भावंडांकडे पाहायला कोणी नसते. या मुलाने शिकायचे की घर सांभाळायचे? मध्यमवर्गीय घरात 'मुलाने काय शिकावे' यावर चर्चा होते. या घरात 'मुलाने शिकणे परवडेल का' यावर होते, आणि ती फार वेळ चालत नाही.

शासनालाही हे ठाऊक नाही असे नाही. शासकीय वसतिगृहांत जागा पुरत नाहीत, हे मान्य करूनच अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आणि जनजातींच्या विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना सुरू करण्यात आली. हेतू उत्तम, नावेही थोरांची. मुंबई-पुण्यासारख्या शहरांसाठी या योजनांत वर्षाला ६० हजार रुपये ठरविण्यात आले. त्यांत भोजनासाठी ३२ हजार, निवासासाठी २० हजार आणि निर्वाहासाठी ८ हजार. शैक्षणिक वर्ष दहा महिन्यांचे धरले, तर जेवणासाठी दिवसाला सुमारे १०७ रुपये आणि खोलीसाठी महिन्याला २ हजार रुपये. पुण्याच्या पेठांत एका खाटेपुरती जागा भाड्याने घेणाऱ्या कोणत्याही विद्यार्थ्याला विचारावे, दोन हजारांत काय मिळते ते!

तरीही रक्कम अपुरी आहे ही तक्रार दुय्यम मानावी. मुख्य तक्रार ती केव्हा मिळते याची आहे. विद्यार्थी प्रवेश घेतो, 'महाडीबीटी'वर अर्ज भरतो, अर्ज महाविद्यालयाकडून जिल्हा कार्यालयाकडे जातो, त्रुटी निघते, परत येतो, पुन्हा जातो. निधी उपलब्ध झाला की हप्ता जमा होतो. अनेकदा तोवर परीक्षा होऊन गेलेली असते, तर कधी पुढचे वर्ष उजाडलेले असते. खानावळीचा मालक मात्र महिन्याच्या महिन्याला पैसे मागतो, आणि भूक काही हप्त्याने लागत नाही. वर्ष संपल्यावर पोहोचणाऱ्या मदतीला भरपाई म्हणता येईल, शिष्यवृत्ती म्हणता येणार नाही. ज्याच्याजवळ वर्षभर स्वतःच्या खिशातून खर्च करण्याची ऐपत आहे, त्यालाच तिचा लाभ होतो. जो खरोखर निष्कांचन आहे, तो तिची वाट पाहता पाहता वर्गातून नाहीसा होतो.

आधी वसतिगृह, मग विद्यालय

महाराष्ट्राला हे सारे नव्याने शिकवावे लागावे, याचे दुःख अधिक आहे. गरिबाच्या मुलाला शिकवायचे तर आधी त्याच्या भाकरीची सोय करावी लागते, हे सत्य या भूमीने शंभर वर्षांपूर्वी ओळखले होते.

पुण्या-मुंबईतील किती घराण्यांचे आजोबा-पणजोबा वार लावून जेवले, माधुकरी मागून शिकले, याची गणती नाही. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, असे सात घरांचे अन्न खाऊन कोकणातून आणि देशावरून आलेली निर्धन मुले वकील झाली, शिक्षक झाली, संशोधक झाली. त्या सात घरांतील गृहिणींनी कोणताही शासन निर्णय वाचला नव्हता. परक्या मुलाच्या पानात वाढलेली आमटी-भाकरी हे विद्यादान आहे, एवढीच त्यांची समज होती. ती ओसरी समाजातील सर्वांना खुली नव्हती, हेही तितकेच खरे. आणि हे सत्य लपवून पूर्वजांचे गोडवे गाणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

ती ओसरी सर्वांसाठी खुली करण्याचे कार्य ज्यांनी केले, त्यांत कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींचे नाव अग्रगण्य आहे. १९०१पासून त्यांनी कोल्हापुरात एकापाठोपाठ एक वसतिगृहे उभी करविली. मराठा, जैन, लिंगायत, मुस्लिम आणि पुढे अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील मुलांसाठी. १९०२मध्ये त्यांनी शासकीय सेवेतील ५० टक्के जागा मागास वर्गांसाठी राखून ठेवल्या. मात्र त्या जागांवर बसण्याजोगी मुले तयार व्हायची असतील तर आधी त्यांच्या निवासाची आणि अन्नाची सोय हवी, हे त्यांनी जाणले होते.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४मध्ये साताऱ्यात वसतिगृह उघडले. सर्व जातींची मुले तेथे एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करीत आणि एका पंक्तीला जेवत. १९२७मध्ये महात्मा गांधींनी त्या वसतिगृहाला भेट दिली. मुलांच्या मुखी घास पडावा म्हणून कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी आपले मंगळसूत्रही मोडले. १९४७मध्ये साताऱ्यात शिवाजी महाविद्यालय सुरू झाले ते 'कमवा आणि शिका' या तत्त्वावर. श्रम करील त्याला शिकता येईल, पैशावाचून कोणी परत जाणार नाही, हा त्यामागचा निर्धार होता.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे उदाहरण तर याहून बोलके आहे. सयाजीराव गायकवाड महाराजांनी १९१३मध्ये त्यांना कोलंबिया विद्यापीठात पाठविले, ते दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती देऊन. 'दरमहा' हा शब्द महत्त्वाचा आहे. ही शिष्यवृत्ती संपली तेव्हा १९१७मध्ये त्यांना लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले. मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अध्यापन करून साठविलेली पुंजी, शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्राने दिलेले कर्ज यांच्या बळावर ते १९२०मध्ये पुन्हा लंडनला गेले. अशा असामान्य प्रज्ञेच्या माणसालाही पैसे संपताच मधूनच परतावे लागले. मग सामान्य बुद्धीच्या कष्टाळू मुलाने काय करावे? हा अनुभव बाबासाहेब विसरले नाहीत. १९४५मध्ये त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. तिच्या मुंबईतील सिद्धार्थ महाविद्यालयात नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी सकाळचे वर्ग चालत आणि औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, १९५०मध्ये सुरू झालेल्या महाविद्यालयाच्या आवारात वसतिगृहे उभी राहिली.

पुण्यात १९५५मध्ये अच्युतराव आपटे यांनी सुरू केलेल्या विद्यार्थी सहाय्यक समितीनेही हाच मार्ग चोखाळला. खेड्यातून येणाऱ्या मुलामुलींना अल्प मोबदल्यात निवास आणि भोजन, त्याबरोबर श्रमाची सवय आणि संस्कार.

राजा, शिक्षणमहर्षी, घटनाकार आणि सामाजिक कार्यकर्ते, या सर्वांची पार्श्वभूमी भिन्न, विचारही भिन्न. तरी सर्वांनी प्रथम विचारलेला प्रश्न एकच होता : हे मूल रात्री झोपेल कुठे आणि सकाळी खाईल काय? आजची व्यवस्था हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारते, किंवा विचारतच नाही.

शिक्षणाचे कारखाने

हा बदल कसा घडला? १९८३मध्ये वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना राज्यात खाजगी विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली. त्यावेळचे कारण रास्त होते. महाराष्ट्रातील मुले अभियांत्रिकीच्या जागांसाठी कर्नाटकात जात होती आणि तेथे देणग्या मोजत होती. जागा वाढल्या, ग्रामीण भागात महाविद्यालये पोहोचली, हे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. पण ज्या गावी साखर कारखाना, त्याच गावी, त्याच पुढाऱ्याचे महाविद्यालयही उभे राहू लागले. देणगीचा रोग इतका बळावला, की १९८७मध्ये त्याविरुद्ध राज्याला कायदा करावा लागला. पुढे उन्नीकृष्णन (१९९३), टी.एम.ए. पै (२००२) आणि इनामदार (२००५) अशा एकामागून एक खटल्यांत सर्वोच्च न्यायालय शुल्क आणि प्रवेश यांचे नियम ठरवीत राहिले. वाद कशावर? संस्थेने किती जागा भराव्यात आणि किती शुल्क घ्यावे यावर. त्या जागेवर बसणाऱ्या मुलाच्या पोटाचा प्रश्न या साऱ्या वादांत कोठेच नव्हता.

शुल्काचा परतावा शासन देऊ लागले, तेव्हा गरीब विद्यार्थी हा काही संस्थाचालकांच्या दृष्टीने खात्रीचा ग्राहक बनला. २०१० नंतरच्या वर्षांतील शिष्यवृत्ती वाटपातील गैरव्यवहार तपासण्यासाठी राज्य शासनाला विशेष पथक नेमावे लागले, एवढे सांगितले तरी पुरे. एकीकडे गरिबांच्या नावावर निघालेल्या पैशाला वाटा फुटाव्यात आणि दुसरीकडे खऱ्या गरिबाने एका दाखल्यासाठी तहसील कार्यालयाचे उंबरे झिजवावेत, हा कोणता न्याय?

दाखल्यांचा जाच तर स्वतंत्र लेखाचा विषय आहे. उत्पन्नाचा, जातीचा, अधिवासाचा, उन्नत गटात मोडत नसल्याचा आणि या सर्वांवर कडी म्हणजे जात वैधता प्रमाणपत्र! ज्या घरात आजोबा शाळेतच गेले नाहीत, त्या घरात आजोबांच्या शाळेचा दाखला कोठून आणायचा? शिकलेल्या घरात कागदांची एक पिशवी असते आणि कोणता कागद कोठे लागतो हे सांगणारा एक काका असतो. पहिल्यांदाच शिकणाऱ्या घरात दोन्ही नसतात. वैधता प्रमाणपत्रासाठी शासनाला वारंवार मुदतवाढ द्यावी लागते. दोष विद्यार्थ्यांचा नसून यंत्रणेचा आहे, याची ही कबुलीच होय. विद्यार्थ्यांची मूळ कागदपत्रे संस्थांनी अडकवून ठेवू नयेत, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८मध्ये बजावले. तरीही थकलेल्या शुल्कापोटी दाखला रोखल्याची तक्रार कोणत्याही जिल्ह्यात ऐकू येते. सावकार जमिनीचा कागद ठेवून घेई, हे गुणपत्रिका ठेवून घेतात.

मध्यमवर्गाची तीन उत्तरे

हा विषय निघाला की सुशिक्षित मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यात तीन उत्तरे हमखास ऐकू येतात.

पहिले उत्तर : 'बँका कर्ज देतात की!' देतात, पण कोणाला? नोव्हेंबर २०२४मध्ये केंद्राने मंजूर केलेली प्रधानमंत्री विद्यालक्ष्मी योजना स्तुत्य आहे. तारणाविना, जामीनदाराविना कर्ज, साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला ७५ टक्के शासकीय हमी, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांना व्याजात तीन टक्के सवलत. मात्र तिचा आरंभ देशातील ८६० निवडक, मानांकित संस्थांपासून झाला. घरातील पहिला विद्यार्थी बहुधा त्या संस्थांत नसतो. तो तालुक्याच्या महाविद्यालयात असतो. शिवाय कर्जामुळे आत्महत्या झालेल्या शिवारातील मुलाला 'कर्ज काढ' असा सल्ला देताना बोलणाऱ्याची जीभ थोडी तरी अडखळावी.

दुसरे उत्तर : 'गुणवत्ता असेल तर कोणी अडवत नाही.' गुणवत्ता म्हणजे काय? लातूरच्या किंवा कोट्याच्या शिकवणीवर्गात दोन वर्षे घालवून मिळविलेले गुण आणि गुरे राखून, शेतात राबून, कंदिलाच्या किंवा भारनियमनाच्या प्रकाशात मिळविलेले गुण हे एकाच तराजूत तोलणे यालाच गुणवत्ता म्हणायचे असेल, तर त्या तराजूची तपासणी व्हायला हवी.

तिसरे उत्तर अधिक टोचणारे असते : 'करदात्यांचा पैसा असा किती वाटायचा?' याचे उत्तर महात्मा फुल्यांनी १८८२मध्ये हंटर आयोगापुढे देऊन ठेवले आहे. सरकारच्या तिजोरीत येणारा पैसा कष्टकरी रयतेच्या घामातून येतो आणि उच्च शिक्षणावर होणाऱ्या खर्चाचा लाभ मात्र वरच्या वर्गांना मिळतो, हे त्यांनी परखडपणे मांडले होते. आजही साबणाच्या वडीवर आणि काड्यांच्या पेटीवर ऊसतोड मजूर कर भरतोच. आणि आज करदाता म्हणून मिरविणारा मध्यमवर्ग ज्या अनुदानित महाविद्यालयांत नाममात्र शुल्क देऊन शिकला, ती कोणाच्या पैशावर चालली होती? नदी पार झाल्यावर नावाड्याला विसरणे हा संस्कार महाराष्ट्राचा नाही.

पदवीनंतरची पायपीट

एवढ्या अडथळ्यांतून पार पडून पदवी हाती येते, तेव्हा तरी घराचे दैन्य फिटते का? येथेही दोन प्रकारचे पदवीधर आहेत. एकाच्या महाविद्यालयात कंपन्या स्वतः येऊन मुलाखती घेतात. दुसऱ्याच्या महाविद्यालयात मंजूर पदे रिक्त असतात आणि तासिका तत्त्वावर राबणारा प्राध्यापक स्वतःच पुढच्या महिन्याच्या मानधनाच्या चिंतेत असतो. ज्याला आपल्या उदरनिर्वाहाची शाश्वती नाही, त्याने विद्यार्थ्याला कोणत्या भवितव्याची वाट दाखवावी?

मग हा पदवीधर पुण्याच्या सदाशिव पेठेत येतो. अभ्यासिकेत एक खुर्ची, एका खोलीत चार खाटा, दुपारी एक डबा दोघांत आणि समोर लोकसेवा आयोगाची परीक्षा. मोजक्या पदांसाठी लाखो अर्ज येतात. परीक्षा पुढे ढकलल्या जातात, निकाल रखडतात, नियुक्त्या लांबतात. गावाकडे बाप सांगत असतो, 'पोरगं साहेब होणार हाय.' वय वाढत जाते. तिशीत पोहोचलेला हा तरुण गावी परतायला लाजतो आणि शहरात राहायला त्याच्याकडे पैसे नसतात. दोष त्याच्या कष्टांचा नाही. पदवीतून उपजीविकेकडे जाणाऱ्या दुसऱ्या वाटा त्याला कोणी दाखविल्याच नाहीत. शिकल्या-सवरल्या घरातील मुलाला मामा, आत्या, शेजारचे काका सल्ला देतात. कोणता अभ्यासक्रम घ्यावा, कोठे अर्ज करावा, मुलाखतीत काय बोलावे. या अदृश्य वारशाची किंमत ज्याला तो मिळतो त्याला कधी कळत नाही.

उच्च शिक्षणातील सकल नोंदणी प्रमाण २०२१-२२च्या अखिल भारतीय सर्वेक्षणात २८.४ होते आणि राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२०ने ते २०३५पर्यंत ५० टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. उद्दिष्ट राष्ट्राच्या आकांक्षेला शोभणारे आहे. परंतु नोंदणी म्हणजे प्रवेशाच्या रजिस्टरातील नाव. नाव नोंदविणाऱ्यांतील किती पदवीपर्यंत पोहोचले, पोहोचलेल्यांतील किती स्वतःच्या पायांवर उभे राहिले, हे मोजले नाही, तर ५० टक्के होऊनही पदरी काय पडणार? कोठारी आयोगाने १९६६मध्ये शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के खर्चाची अपेक्षा केली होती. २०२०च्या धोरणालाही तीच अपेक्षा पुन्हा लिहावी लागली. अर्धशतकाहून अधिक काळ एकच वाक्य लिहिले जावे, याहून मोठी टीका ती कोणती?

काय करावे?

करण्याजोग्या गोष्टी अवघड नाहीत. प्रवेशपत्राबरोबरच वसतिगृहाची जागा किंवा निर्वाहाचा पहिला हप्ता विद्यार्थ्याच्या खात्यात पहिल्या महिन्यातच पडावा. त्रुटींची छाननी नंतर व्हावी आणि तिचा भुर्दंड विद्यार्थ्यावर पडू नये. दाखले अकरावीतच, शाळेत शिबिरे घेऊन दिले जावेत. जूनमधील रांगा त्यामुळे आपोआप संपतील. शुल्काचा परतावा घेणाऱ्या प्रत्येक संस्थेने किती विद्यार्थी घेतले आणि त्यांतील किती पदवी घेऊन बाहेर पडले, हा हिशेब दर वर्षी फलकावर लावावा. निर्वाहभत्त्याची रक्कम महागाईशी जोडावी. मंत्र्यांचे आणि कर्मचाऱ्यांचे भत्ते जर वाढू शकतात, तर विद्यार्थ्याचा डबाच का वाढू नये? जागांच्या वाटपासाठी लाखांचे मोर्चे निघतात. वसतिगृहाच्या प्रश्नावर मूठभर विद्यार्थी धरणे धरतात तेव्हा त्यांच्याकडे वळून पाहायलाही कोणी नसते. विद्यार्थी संघटनांनी आणि लोकप्रतिनिधींनी हा क्रम बदलावा.

परंतु सारा भार शासनावर टाकून मोकळे होणे, हे जागृत समाजाचे लक्षण नव्हे. वार लावून जेवू घालणाऱ्या घरांनी शासनाची वाट पाहिली नव्हती. आज शहरांतील कितीतरी घरांत मुले परदेशी गेल्यामुळे खोल्या बंद पडल्या आहेत. एका कुटुंबाने एका विद्यार्थ्याचा एका वर्षाचा डबा उचलला, एका निवृत्त शिक्षकाने आठवड्यातून दोन सायंकाळी इंग्रजी शिकविले, एका निवृत्त कारकुनाने चार मुलांचे अर्ज भरून दिले, एका अभियंत्याने गावाकडच्या मुलाला मुलाखतीसाठी तयार केले, तर त्याला कोणत्याही परिपत्रकाची गरज नाही. मात्र हा वार आता जात न विचारता लावायचा आहे. ज्या ओसरीवर पूर्वी काहींनाच प्रवेश होता, ती सर्वांची झाली तरच समरसता हा शब्द व्याख्यानातून घरात येईल. हे दान मानून कोणी करू नये. सात घरचे अन्न खाऊन आजोबा शिकले, त्या सात घरांचे देणे अजून फिटलेले नाही; ते फेडण्याची ही संधी आहे.

येत्या जूनमध्ये पुन्हा निकाल लागतील. पेढे वाटले जातील, वर्तमानपत्रांत गुणवंतांची छायाचित्रे झळकतील. त्याच दिवशी एखाद्या वाडी-वस्तीवर एखादी मुलगी ७८ टक्क्यांची गुणपत्रिका घेऊन आईसमोर उभी असेल आणि आई विचारील, 'पुण्याला राहशील कुठं, खाशील काय?' शुल्क माफ झाल्याचा शासन निर्णय या प्रश्नाचे उत्तर देत नाही. ते उत्तर ज्या समाजाने एके काळी दिले होते, त्यालाच ते पुन्हा द्यावे लागेल.